सव्वीस पांढऱ्या चिंध्या

चिंधीकाकांना काळजी करायला कारण लागायचं नाही. कारण नसलं तर ते का नाही, याचीच त्यांना काळजी. घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून बघणार, जिना उतरून पुन्हा वर येऊन चौथ्यांदा ओढणार. एकदा तर बायको घरात असताना बाहेरून कुलूप घालून गेले आणि वर बसमधून फोन करून तिलाच विचारलं, "अगं, कुलूप नीट लागलंय ना?" बायको म्हणाली, "चांगलं लागलंय. आता या परत आणि सोडवा मला."

असा माणूस नेमबाजीच्या रेंजवर एकतीस वर्षं टिकला, कारण तिथे त्यांना जे काम होतं त्या कामाला असाच माणूस लागतो. एअर रायफलींच्या नळ्या साफ करायचं काम. त्याआधी काका शिलाई मशिनं दुरुस्त करत. रेंजवर आले ते निशाणाचा कागद मागेपुढे नेणारी तार अडकली म्हणून, अर्ध्या दिवसाच्या कामाला. तार सुटली, पण काका तिथेच अडकले. रेंजच्या मागच्या खोलीत, उत्तरेकडच्या खिडकीखाली त्यांचं लाकडी बाक, बाकावर रायफल घट्ट धरायला चामडं लावलेला शिकंजा, आणि खिशात कायम इंचभर चौकोनी कापलेल्या सुती चिंध्या. म्हणून चिंधीकाका. खरं नाव पगारपत्रकावर असेल, बाकी कोणाला ठाऊक नव्हतं.

आता या कामात एक मेख आहे, ती आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. एअर रायफलीत दारू नसते, धूर नसतो. हवेच्या दाबावर शिशाचा इवलासा छरा सुटतो आणि दहा मीटरवरच्या ठिपक्यावर जाऊन बसतो. ठिपका म्हणाल तर छापील पूर्णविरामाएवढा. नळीच्या आत पीळदार चर असतात, छरा त्यातून गिरकी घेत जातो म्हणून सरळ जातो. जाता जाता तो शिशाचा एक पुसट थर मागे ठेवतो. हा थर फार साचला की छरे भरकटतात. हे कोणालाही पटतं. पण थर अजिबात नसला, नळी आतून कोरी करकरीत असली, तरीही छरे भरकटतात. चाळीस-पन्नास छरे जाऊन नवा थर बसेपर्यंत तिचा काही नेम नसतो. हे पटवून देता देता काकांच्या नाकी नऊ यायचे. नवी पोरं यायची, नळी घासून घासून आरशासारखी करायची आणि मग डोकं धरून बसायची. काका ओरडायचे, "अरे, नळी आहे ती! स्वयंपाकघरातलं पातेलं नव्हे, घासलं की झालं!"

त्यांचा नियम साधा. तीन चिंध्या. बारीक नायलॉनच्या दोरीच्या फाशात चिंधी अडकवायची, दोरी मागच्या बाजूने घालायची आणि पुढून ओढून काढायची. पहिली चिंधी शिसं सोडवणाऱ्या औषधाचे दोन थेंब टाकून, पुढच्या दोन कोरड्या. चौथी नाही. स्पर्धेच्या आधी तर मेलं तरी नाही. वर्षातून दोनदा, स्पर्धा लांब असताना, पांढरी चिंधी पांढरीच बाहेर येईपर्यंत ओढायची, फेल्टला, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या गोळीला, पॉलिशची पेस्ट लावून हलका हात फिरवायचा आणि मग शंभर छरे मारून नळी पुन्हा मार्गावर आणायची. पुढच्या तोंडातून सळई कोंबणाऱ्याला तर काका सरळ खोलीबाहेर काढत. तोंडाच्या कडेला केसाएवढा ओरखडा गेला, की संपली ती रायफल.

इतकं सगळं ठीक होतं. फक्त एक गोष्ट काकांनी वर्षभर कोणालाही सांगितली नव्हती. त्यांना दिसेनासं झालं होतं.

एकदम नाही, हळूहळू. आधी रस्त्यावरच्या दिव्यांभोवती कडी दिसायला लागली. मग बसचे नंबर विरघळले. मग सगळ्याच वस्तूंवर कोणीतरी पिवळट पाणी ओतल्यासारखं झालं. काकांनी आधी बल्बला दोष दिला आणि बाकावरचा बल्ब तीनदा बदलला. मग खिडकीच्या काचेला दिला आणि ती आतून-बाहेरून पुसून काढली. डोळ्यांना मात्र दोष दिला नाही. कारण रेंजचा नियम होता की हत्यारांना हात लावणाऱ्या माणसाची नजर दरवर्षी तपासायची, आणि नजर अधू निघाली तर बाकावरून उठवायचं. गेल्या वेळच्या तपासणीला काकांनी काय केलं? आतला माणूस तक्त्यावरची अक्षरं मोठ्याने वाचत होता, ती त्यांनी बाहेर बसून तोंडपाठ केली. एक डोळा झाकून म्हटली, दुसरा झाकून म्हटली. डॉक्टर म्हणाले, "या वयात कमाल आहे हो तुमची!" काका घरी येईपर्यंत खुशीत होते आणि घरी आल्यावर त्यांना रात्रीचं जेवण गेलं नाही.

कामाचं मात्र काही बिघडलं नाही. हात शाबूत होते. एक, दोन, तीन मोजायला डोळे कशाला लागतात? कडेला ओरखडा आहे का हे कापसाची काडी फिरवून कळतं, कापूस अडकला की ओरखडा. वर्षभरात एकाही रायफलीची तक्रार आली नाही. पण काका रोज सकाळी आधी तक्रारवही उघडी आहे का ते विचारायचे आणि मगच बाकावर बसायचे.

आता भाचीचं सांगतो. काकांच्या धाकट्या बहिणीची ही मुलगी. बहिणीच्या गावात रेंज नव्हती, म्हणून पंधराव्या वर्षी पोर मामाकडे राहायला आली, ती पाच वर्षं इथेच. काकांना मूलबाळ नाही. त्यामुळे ती आल्यापासून त्यांची काळजी दुप्पट झाली आणि आनंद किती पट झाला ते त्यांनी कधी मोजलं नाही. पोर गुणाची, पण तोंडाने फटकळ. नेम असा की बघत राहावं. ज्युनिअर संघाची निवड चाचणी तोंडावर आली होती. तिघींना घेणार, आणि दुसऱ्याच दिवसापासून दोन महिन्यांचं शिबिर. पुढच्या वर्षी ती ज्युनिअरच्या वयात बसणार नव्हती. म्हणजे जे काय व्हायचं ते याच खेपेला.

आणि नेमकं चाचणीच्या आठवड्यात ती म्हणाली, "मामा, नळी बघ ना जरा. पंधरा-वीस छऱ्यांत एखादा उगाचच डावीकडे पळतोय. हात माझा नाहीये तो."

झालं. काकांचा जीव टांगणीला लागला. तीन दिवस ते त्या एका छऱ्याचा विचार करत राहिले. शिसं साचलं असेल? तोंडाची कड गेली असेल? की आपल्याच हातून काही राहिलं असेल, जे दिसायला हवं होतं आणि दिसलं नाही? कड कापसाने तपासली, साफ होती. म्हणजे शिसं. म्हणजे तीन चिंध्या ओढल्या असत्या तर काम झालं असतं.

चाचणीच्या आदल्या दिवशी रेंज दुपारी बंद झाली, कारण इलेक्ट्रॉनिक निशाणं तपासायची होती. सहा वाजेपर्यंत सगळ्या रायफली साफ करून कोठारात द्यायच्या आणि रेंजच्या सेक्रेटरीने त्यांना तारेचं सील लावायचं, ते दुसऱ्या दिवशी नेमबाजांसमोरच तोडायचं. काकांनी अकरा रायफली साफ केल्या. एक, दोन, तीन, पुढची. बारावी भाचीची. ती त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवली होती, निवांत करता यावी म्हणून.

पहिली चिंधी काळीकुट्ट आली. दुसरी काळी. तिसरी राखाडी. इथे थांबायचं. काकांचा हातही थांबला. पण मग तो डावीकडे पळणारा छरा आठवला. इतरांच्या रायफलींना त्यांनी नुसतं मोजलं होतं. ही आपल्या पोरीची, हिला बघून करायचं, असं त्यांनी ठरवलं. चौथी ओढली आणि खिडकीशी नेऊन बघितली. मळकट. पाचवी. मळकट. "कसलं साचलंय एवढं?" ते पुटपुटले आणि ओढत राहिले. दहावी मळकट, बारावी मळकट. मग त्यांना घाम फुटला. एवढं शिसं नळीत असताना पोर गेला महिनाभर नेम कसा साधत होती? त्यांनी पेस्ट काढली. फेल्टच्या गोळीला लावून हलक्या हाताने चार वेळा नळीतून फिरवली. मग कोऱ्या फेल्टने पेस्ट पुसून काढली आणि पुन्हा चिंध्या. विसावी, पंचविसावी. प्रत्येक चिंधी खिडकीशी धरायची, आणि प्रत्येक तशीच, पिवळट, करडी. तिसाव्या चिंधीला दारात सेक्रेटरी येऊन उभा राहिला.

सेक्रेटरी म्हणजे लांबलचक, सुकलेला माणूस. वेळेच्या बाबतीत इतका काटेकोर की त्याला बघून लोक घड्याळ लावत. काकांशी त्याचं कधी पटलं नाही. "काका, सहा वाजले. लेकीचं लग्न आहे की नळी पुसताय?"

"झालंच," काका म्हणाले. मनात म्हणाले, थोडं शिसं राहिलंय, तेवढं असू दे, ते लागतंच. वापरलेल्या चिंध्या खिशात कोंबल्या आणि रायफल देऊन टाकली. सील लागलं.

सकाळी भाची सातला निघून गेली. जाताना तिने डबा घेतला, पाण्याची बाटली घेतली आणि दारातून ओरडली, "मामा, काळजी करू नकोस!" जणू कोणी सांगून ऐकणार होतं. काकांना नऊला जायचं होतं. ते चहा घेत बसले होते. बायको धुवायच्या पँटचे खिसे तपासत होती आणि तिने सगळ्या चिंध्या टेबलावर ओतल्या.

"अहो, हे काय? न वापरताच टाकून द्यायच्या होत्या तर मला सांगायचंत. माझी अख्खी दुपार जाते या कापण्यात."

"वापरल्यात त्या."

"कुठे वापरल्यात? चार काळ्या आहेत. या बाकीच्या बघा की, सव्वीस आहेत, दुधासारख्या पांढऱ्या."

काकांनी कप खाली ठेवला. एक चिंधी उचलली आणि खिडकीशी नेली. पिवळट, करडी. "ही पांढरी आहे?" त्यांनी विचारलं.

"मग काय हिरवी आहे?"

"तुझ्या डब्यातली एक नवी दे. काल कापलेली."

बायकोने दिली. काकांनी दोन्ही शेजारी-शेजारी धरल्या. त्यांना दोन्ही सारख्याच दिसल्या. वापरलेली आणि न वापरलेली, दोन्ही तितक्याच मळकट. मळ चिंधीवर नव्हताच. तो त्यांच्या डोळ्यांत होता.

म्हणजे पाचव्या चिंधीलाच नळी साफ झाली होती. त्यानंतर त्यांनी आणखी पंचवीस ओढल्या होत्या, आणि वर पॉलिश! शिशाचा कणसुद्धा राहिला नव्हता तिच्यात. आणि पोर जाणार, नेहमीसारखे वीस छरे मारून नेम जुळवणार, आणि मग मोजणीचा पहिला छरा कुठे जाईल ते देवालाच ठाऊक. एकतीस वर्षं ज्या चुकीवरून त्यांनी लोकांना फाडून खाल्लं होतं, नेमकी तीच.

"अहो, पांढरे पडलात तुम्ही! काय झालं?" बायको म्हणाली.

"मी तिला बुडवलं," काका म्हणाले आणि चपला शोधायला लागले. चपला पायातच होत्या.

फोन करायची सोय नव्हती, चाचणीला फोन बाहेर जमा करून घेत. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. साडेनऊला नेम जुळवण्याची पंधरा मिनिटं सुरू होणार, आणि एकदा पोरी ओळीत उभ्या राहिल्या की बाहेरच्याने त्यांच्याशी बोलायचं नाही. स्टॉपवर दोन बस येऊन गेल्या. नंबर काही केल्या दिसेना आणि लाजेने विचारवेना. तिसरी आली तेव्हा लाज गुंडाळून ठेवून त्यांनी शेजारच्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "तुमची तर आत्ता गेली की हो, पहिली!" काकांना रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. मग ते रिक्षात बसले आणि वाटेत रिक्षावाल्याला सहा वेळा म्हणाले, "जरा जोरात घ्या." सातव्यांदा तो म्हणाला, "काका, तुम्ही चालवता का?" नशीब, नाही म्हणाले.

वाटभर डोक्यात एकच चक्र. काय सांगायचं? नळी कोरी झालीय, एवढं सांगितलं की पुरे. डोळ्यांचं काढायची गरज नाही. हळूच कानात सांगायचं, 'पन्नास छरे मार, बघत बसू नकोस, नुसते मार, मग नळी बसेल.' पोर हुशार आहे, समजून घेईल. बाक शाबूत, पोरीचा नेम शाबूत. काकांना जरा धीर आला. तो रेंजच्या दारापर्यंत टिकला.

पोशाखाच्या खोलीत बारा जणी जाडजूड कॅनव्हासची जाकिटं चढवत होत्या. नुकतंच सील तोडून रायफली त्यांच्या हाती आल्या होत्या. सेक्रेटरी दारात यादी घेऊन उभा. "काका, पाच मिनिटं आहेत, लवकर काय ते." काका भाचीजवळ गेले आणि कुजबुजले, "हे बघ, नेम जुळवताना पन्नास छरे मार. कुठे जातात बघू नकोस, नुसते मारत सुट."

"पन्नास?" भाची जाकिटाचे पट्टे ओढत होती. "माझे हात राहतील का जागेवर? मी वीसच मारते, माहितीये ना तुला."

"नळी कोरी झालीय."

"कोणी केली?"

"मी."

ती हसली. "तू? मामा, तू चौथी चिंधी घेतलीस असं मला तू स्वतः सांगितलंस तरी मी मानणार नाही. दर मॅचच्या आधी तुझं काहीतरी असतंच. मागच्या वेळी बुटाची लेस काढायला लावलीस, त्याआधी म्हणालास की जाकिटाचं बटण सैल आहे. बस बाहेर जाऊन, चहा घे."

आता बोला! पाच वर्षं जी काळजी ओतली ती अशी अंगावर आली. कारण सांगितल्याशिवाय ती मानणार नव्हती, आणि कारण एकच होतं. बाहेर घंटा झाली. पोरी रायफली उचलून दाराकडे निघाल्या. भाची वळली. काकांनी तिचं मनगट धरलं आणि ते कुजबुजायचं विसरले.

"मला दिसत नाही गं!" काका ओरडले. "वर्ष झालं. पांढरी चिंधी मला मळकी दिसते. काल तुझ्या नळीतून तीस ओढल्या आणि पॉलिशही मारलं. एक कण राहिला नाहीये तिच्यात. माझी शपथ आहे तुला, पन्नास मार!"

मग एकेक करून अकरा जणींनी आपापल्या रायफलीकडे बघितलं. कारण त्याही काल काकांच्याच हातून गेल्या होत्या. एकीच्या तर तोंडचं पाणीच पळालं. "काका, माझीही? माझीही तशीच केलीत?"

"नाही गं बाळ," काका म्हणाले. "तुम्हा सगळ्यांना तीनच. मोजून. गळ्याला हात लावून सांगतो. हिचीच फक्त बघून केली."

भाचीने मनगट सोडवून घेतलं. तिचा चेहरा काकांना नीट दिसला नाही. ती रायफल घेऊन ओळीत गेली.

सेक्रेटरीने सगळं ऐकलं होतं. काकांना वाटलं, हा आता इथेच दाराबाहेर घालवणार. त्याने फक्त काकांच्या दंडाला धरून त्यांना प्रेक्षकांच्या मागच्या बाकावर नेऊन बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. समोर प्रत्येकीच्या डोक्यावर पडदा होता, त्यावर छरा कुठे लागला ते उमटायचं. काकांना फक्त उजेडाचे बारा चौकोन दिसत होते.

नेम जुळवायची पंधरा मिनिटं सुरू झाली. बाकीच्या पोरी सावकाश होत्या. एक छरा, श्वास, रायफल खाली, पुन्हा वर. एकीच्या रायफलीचा मात्र आवाज थांबतच नव्हता. ठप्. खटका. ठप्. खटका. ती त्यांचीच पोर. काका मोजत होते. दहा. वीस. उभं राहून पाच किलोची रायफल खांद्याला लावायची म्हणजे चेष्टा नाही. तीस. पस्तीसला आवाज जरा रेंगाळला. "मार, मार," काका ओठांत म्हणत होते. पंचेचाळीस. अठ्ठेचाळीस. घंटा झाली.

"अठ्ठेचाळीस," काका म्हणाले. "कुठे जातायत? साहेब, सांगा ना कुठे जातायत?"

"शेवटचे पाच-सहा गोळा व्हायला लागलेत," सेक्रेटरी म्हणाला. "पण हात थरथरतोय पोरीचा."

मोजणीचे साठ छरे. सेक्रेटरी हलक्या आवाजात एकेक वाचायला लागला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. "नऊ पॉइंट चार. दहा पॉइंट एक. नऊ पॉइंट सात. नऊ पॉइंट नऊ." पहिल्या दहांत एकही छरा मधोमध नाही. पोर बारा जणींत अकरावी होती. काकांनी दोन्ही मुठी गुडघ्यांमध्ये दाबून धरल्या. आपले डोळे आधीच फुटले असते तर बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात आलं. निदान बघायच्या फंदात तरी पडलो नसतो.

भाचीने रायफल खाली ठेवली. हात झटकले, पाणी प्यायली आणि पूर्ण दोन मिनिटं नुसती उभी राहिली. मग रायफल उचलली.

"दहा पॉइंट पाच," सेक्रेटरी म्हणाला. "दहा पॉइंट सहा. दहा पॉइंट तीन. दहा पॉइंट सात." त्याचा आवाज हळूहळू चढायला लागला. "दहा पॉइंट आठ! काका, एकावर एक बसतायत." अकरावीची नववी झाली. तिसाव्या छऱ्याला सातवी. डावीकडे पळणारा तो छरा कुठे गेला कोण जाणे, एकदाही आला नाही. चाळिसाव्याला पाचवी. "ही नळी अशी चाललेली मी कधी बघितली नाही," सेक्रेटरी म्हणाला, आणि ते ऐकून काकांना अधिकच वाईट वाटलं. हेच पॉलिश आठ दिवस आधी झालं असतं तर?

पन्नासाव्याला चौथी. शेवटचे दहा छरे सेक्रेटरीने वाचले तेव्हा तोसुद्धा बाकाच्या कडेवर आला होता. "दहा पॉइंट पाच. तिसरीचा नऊ पॉइंट आठ गेला! दहा पॉइंट चार. दहा पॉइंट सहा." काकांना आता ऐकवेना आणि न ऐकताही राहवेना. साठावा छरा सुटला, आणि सेक्रेटरी गप्प झाला.

"किती? अहो, किती?"

"दहा पॉइंट सात."

"आणि नंबर?"

सेक्रेटरीने डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. "चौथी," तो म्हणाला. "तिसरी नऊ दशांशाने पुढे राहिली. एक गुणसुद्धा नाही हो."

पहिल्या दहांत पोरीचे तीन-चार गुण गेले होते. ते कोणामुळे गेले याचा हिशोब काकांना कोणी मांडून दाखवायला नको होता. थोड्या वेळाने सेक्रेटरी उठला आणि खाली बघत म्हणाला, "काका, डोळ्यांचा दाखला येईपर्यंत बाकाला हात लावू नका. मला नियमाने वागावं लागेल."

"वागा," काका म्हणाले. खरंच, त्या क्षणी त्यांना बाकाचं काही वाटलं नाही. वर्षभर ज्या गोष्टीला जपलं ती गेली आणि ती इतकी हलकी निघाली की त्यांना स्वतःचीच चीड आली.

पोरी बाहेर यायला लागल्या. कुणी हसत, कुणी गळ्यात पडत. भाची सगळ्यांत शेवटी आली. जाकीट खांद्यावर, केस कपाळाला चिकटलेले. काका उभे राहिले. तिला काय म्हणायचं ते त्यांनी दहा वेळा मनात जुळवलं होतं, पण तीच आधी बोलली.

"मला राग आलाय तुझा," भाची म्हणाली. "खूप आलाय. आज लगेच जाणार नाहीये तो. वर्षभर एका घरात राहतो आपण, एका ताटलीत खातो. मला सांगितलं असतंस तर मीच बघितल्या असत्या की चिंध्या. दोन डोळे आहेत मला, चांगले."

"चुकलं," काका म्हणाले.

"चुकलंच."

दाराबाहेर चार पायऱ्या होत्या. काका पहिल्या पायरीवर चाचपडले, रोजच चाचपडायचे, पण आज ते तिने बघितलं. ती थांबली. राग तोंडावर तसाच ठेवून तिने त्यांचा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि एकेक पायरी मोठ्याने मोजत त्यांना खाली आणलं.

"डोळ्यांचे डॉक्टर किती वाजता बसतात?" तिने विचारलं.

"सकाळी नऊला. पण तू कशाला, तुझी मामी येईल माझ्याबरोबर. तुला उद्या..." आणि काका तिथेच अडखळले.

"उद्या मला कुठे जायचं नाहीये, मामा," ती म्हणाली. "परवाही नाही. मी येते."